फाटकावरच्या हिरव्या घंटा

सुभान मुलाणी यांच्याशी मी पहिल्यांदा बोलले ती भांडणातच. भांडणही एकतर्फी, कारण ते काहीच बोलले नाहीत.

माझी शाळा दौंड आणि पाटसच्या मधल्या पट्ट्यात, रुळांच्या पलीकडं, लकडेवस्तीवर आहे. चाळीसेक घरं, बहुतेक धनगरांची. आजोबांच्या पिढीपर्यंत मेंढरं घेऊन कोकणात उतरणारी ही माणसं आता उसात नि कांद्यात स्थिरावलीत. शाळेला दोन खोल्या, दोन शिक्षक, सव्वीस मुलं. मी दौंडहून स्कूटीवर यायचे आणि वाटेत ते फाटक लागायचं. पुणे-सोलापूर लाइन, त्यामुळं गाड्यांना खळ नाही. मालगाडी गेली की समोरून डेमू पॅसेंजर, ती गेली की मागून एखादी मेल. एकदा फाटक पडलं की वीस-वीस मिनिटं उघडायचं नाही. दोन्ही अंगांना उसाच्या ट्रॉल्या, किटल्या अडकवलेल्या दूधवाल्यांच्या मोटारसायकली, कंपनीच्या बसेस, आणि सगळ्यांच्या तोंडी फाटकवाल्याच्या नावानं शिव्या. जणू गाडी तोच हाकत होता.

सुभानमामा तेव्हा पंचावन्नच्या घरात होते. निळा शर्ट, पिकत आलेली दाढी, डोक्याला रुमाल. स्टेशनातून फोन आला की चाक फिरवून दांडे खाली घ्यायचे, गुमटीसमोर, म्हणजे फाटकवाल्याच्या खोलीसमोर, उभं राहून गाडीला हिरवी झेंडी दाखवायची, शेवटचा डबा गेला की परत चाक फिरवायचं. लोक काय वाट्टेल ते बोलायचे. त्यांची मान कधी वर व्हायची नाही.

त्या दिवशी केंद्रप्रमुख शाळेला भेट द्यायला येणार होते आणि मी फाटकात अडकले होते. एक गाडी गेली, दुसरी गेली. तिसरीसाठीही दांडा खालीच राहिला तेव्हा मी स्कूटीवरून उतरून गुमटीपाशी गेले आणि चारचौघांत म्हणाले, "तुम्हाला काय मामा, बसून खायचं. उशीर झाला की बोलणी आम्हाला खावी लागतात."

त्यांनी एकदाच माझ्याकडं पाहिलं. रागावल्यासारखं नाही. कुणी ओळखीचं दुखणं दाबावं तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर झालं. मग ते वळून झेंडी घ्यायला गेले, आणि त्यांचा डावा पाय ओढला जातो हे मला तेव्हा दिसलं.

माझ्या मागं वच्छलाबाई लकडे आपली सात-आठ मेंढरं घेऊन उभ्या होत्या. वस्तीवर आता मेंढरं राखणाऱ्या त्या एकट्याच. सत्तरी गाठलेली, पण चालणं माझ्यापेक्षा झपाझप. त्यांची नात अंकिता माझ्याच वर्गात. दुपारी तिचा डबा द्यायचं निमित्त करून त्या शाळेत आल्या, डबा दिला, आणि व्हरांड्यात मला बाजूला घेतलं.

"बाई, तुमी त्यास्नी बसून खायचं म्हणलात," त्या म्हणाल्या. "त्यो मानूस एकोणीस वरसं रुळावरनं चालत हुता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सुभानमामा कीमन होते. खांद्यावर हातोडा नि झोळी घेऊन रोज सात-आठ किलोमीटर रुळानं जायचं आणि तितकंच परत यायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या कुठं ढिल्या झाल्यात का बघायचं, ठोकून घट्ट करायच्या. उन्हात, पावसात, थंडीत. लाइनीच्या कडेला मेंढरं चारणाऱ्या वच्छलाबाईंना ते वर्षानुवर्षं तसे दिसत आलेले. जाता-येता हसायचे, खुशाली विचारायचे. एकदा रूळ बदलायचं काम चालू असताना तो सटकला आणि यांच्या पावलावर आला. दोन बोटं गेली, टाच कायमची अधू झाली. डॉक्टरांनी चालायच्या कामाला नाही म्हटलं, म्हणून फाटकावर नेमणूक झाली. त्याला आता दोन वर्षं होत आली होती.

"चालायचं सुटलं तसं बोलायचं बी सुटलं त्यांचं," वच्छलाबाई म्हणाल्या आणि पदर सावरत निघून गेल्या. मला दोष दिला नाही, हे त्यांचे उपकारच.

चार दिवसांनी दिवाळीची सुट्टी लागली. मी माहेरी इनामगावला गेले. घोडनदीच्या काठानं आमचं शेत आहे. पाडव्याला वडलांबरोबर कांद्याच्या रोपाला पाणी देताना मी त्यांना ही हकिकत सांगितली. शाळेच्या परसबागेसाठी मी ऑनलाइन भाजीचं बियाणं मागवलं होतं, त्यात कंपनीनं फुलाच्या बियांचं एक पाकीट फुकट दिलं होतं. ते त्या फाटकवाल्या मामांना देईन, असं मी म्हणाले. वडलांनी खोऱ्यानं पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं. मग म्हणाले, "दे की. पण चूक तोंडानं केलीस, तर माफी बी तोंडानंच माग. वस्तू देऊन सुटू नको."

सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी मी फाटकाजवळ थांबले. फाटक उघडं होतं. उघड्या फाटकात कुणी गाडी लावून आपल्याकडं येतंय हे पाहून मामा बाहेर आले आणि काय झालं, गाडी बंद पडली का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, त्या दिवशी मी चुकीचं बोलले, मला माहीत नव्हतं, मला माफ करा.

"खोटं काय बोललात, मॅडम?" ते शांतपणे म्हणाले. "बसूनच खातुया मी."

पर्समधून ते पाकीट काढून मी त्यांच्या हातात दिलं. त्यावर इंग्रजीत 'बेल्स ऑफ आयर्लंड' असं लिहिलं होतं आणि एका उंच, हिरव्यागार तुऱ्याचं चित्र होतं. त्यांनी पाकीट उलटसुलट केलं, चित्र डोळ्यांजवळ नेलं, आणि फुलं कुठं आहेत असं विचारलं. मी म्हटलं, तो हिरवा तुरा म्हणजेच फुलं. त्यांचा विश्वास बसला नाही, पण पाकीट खिशात ठेवलं.

गुमटीच्या पूर्वेला दहा फुटांची मोकळी जागा होती. मुरूम, खडी आणि वर्षानुवर्षांची सांडलेली वाळू. ती त्यांनी टिकावानं खणली, खडे वेचले. वच्छलाबाईंनी दोन पाट्या लेंडीखत आणून टाकलं. मग त्यांनी मेथी पेरावी तसं बी पेरून वरून दोन बोटं माती ओढली आणि पाणी घातलं. जाता-येता मला ती ओली पट्टी दिसायची. आठवडा गेला, दुसरा गेला, तिसरा संपत आला. गवताची काडीसुद्धा उगवली नाही. एका सकाळी मी थांबले तेव्हा ते म्हणाले की त्यांच्या हातानं काही उगवत नाही, पाकीट वाया गेलं.

घरी जाऊन मी मोबाइलवर वाचलं तेव्हा चूक कळली. हे रोप इकडचं नाही. नावात आयर्लंड असलं तरी मूळ तुर्कस्तान, सीरिया, त्या अंगाचं. तिकडं हिवाळ्याची थंडी लागल्याशिवाय बी जागं होत नाही. म्हणून आपल्याकडं पेरायच्या आधी ते ओल्या फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा दिवस फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. आणि मातीत गाडायचं नाही, नुसतं वर टाकून हातानं दाबायचं, कारण त्याला उजेड लागतो. आम्ही दोन्ही गोष्टी उलट्या केल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी हे सांगताना मला वाईट वाटत होतं, कारण बी तर संपलं होतं. पण मामा गुमटीत गेले आणि पाकीट घेऊन आले. अर्धं बी शिल्लक होतं. कीमन झोळीतल्या सगळ्या चाव्या कधी वापरत नाही, दोन-चार मागं ठेवतो, कारण पुढच्या मैलावर काय निघेल सांगता येत नाही, असं ते म्हणाले. त्यांच्या तोंडून इतकं मोठं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

बी दौंडला त्यांच्या रेल्वे कॉलनीतल्या घरी गेलं. आठवड्यानं मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. त्यांच्या बायकोचा, चांदबींचा. डबीतल्या फडक्यावर बुरशीसारखं काहीतरी पांढरं दिसतंय, फेकायचं की ठेवायचं, एवढंच विचारायला केला होता. त्यांची मुलगी आसमीन नर्सिंग शिकते. तिनं फ्रिज साफ करताना ती डबी कचऱ्यात टाकायला काढली होती आणि चांदबींनी ती वेळेवर परत घेतली होती. मी म्हटलं, फडकं बदला, बी धुऊन परत ठेवा. त्या हो म्हणाल्या, पण फोन ठेवला नाही.

"मॅडम, एक सांगू का," त्या म्हणाल्या. "दोन वरसं ह्यांनी भाजीत मीठ कमी हाय एवढं सुदिक सांगितलं न्हाई. ताटात येईल ते खायाचं आन् भिंतीकडं बघत बसायचं. आता दारात पाय ठिवल्या ठिवल्या पयलं इचारत्यात, डबी बघितली का."

फोनच्या पलीकडं त्या रडत होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही. त्यानंतर आम्ही अधूनमधून बोलत राहिलो, ते आजतागायत.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दुसरी पेरणी झाली. या वेळी माती चाळणीनं चाळलेली, बी वरच्यावर टाकून तळहातानं दाबलेलं, पाणी बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून शिंपडलेलं. सोळाव्या दिवशी मी फाटकाशी आले तर दांडे पडलेले, गाडी यायची होती, आणि मामांनी मला लांबूनच हात केला. मी गेले. मातीवर दोन-दोन गोल पानांची, नखाएवढी रोपं उभी होती. चौदा, ते म्हणाले. त्यांनी सकाळपासून चारदा मोजली होती. तेवढ्यात गाडीचा भोंगा ऐकू आला आणि ते झेंडी घ्यायला गेले. तो पाय ओढत चालण्याचा वेग मला त्या दिवशी जास्त वाटला.

त्यातली दोन रोपं त्यांनी शाळेसाठी मला काढून दिली. दोन्ही दोन दिवसांत माना टाकून मेली. याचं मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं आणि ते हललं की झाड टिकत नाही, हे आम्हाला असं कळलं. उरलेल्या बाराला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

संक्रांतीनंतरची गोष्ट. रोपं वीतभर झाली होती. वच्छलाबाई मेंढरं घेऊन फाटकाशी थांबल्या होत्या, गाडी धडधडत जात होती, मामा झेंडी धरून पाठमोरे उभे होते. दोन मेंढ्या कळपातून निसटून गुमटीमागं गेल्या. गाडी जाऊन दांडे वर होईपर्यंत नऊ रोपांचे शेंडे गेले होते. तीन तेवढी वाचली.

मी पोचले तेव्हा वच्छलाबाई वाफ्याशेजारी जमिनीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी होतं. आयुष्यभर मेंढरं राखली, पण कुणाच्या वावरात कधी तोंड घालू दिलं नाही, आणि आज भावासारख्या माणसाचं नुकसान झालं, असं त्या मला सांगत होत्या. मामा खुडलेल्या रोपांकडं बघत उभे होते. मला भीती वाटली की आता हा माणूस परत मिटून जाईल.

ते म्हणाले, "जनावराला काय कळतंय, वच्छलाबाई. उठा. लोकं बघत्यात."

वच्छलाबाई उठल्या, पण गेल्या नाहीत. एका खाल्लेल्या रोपापाशी वाकल्या, बुडखा दोन बोटांनी चाचपला, पानाच्या बेचक्यात नखानं बघितलं. मग बोलल्या. "सुभानभाऊ, हरभऱ्याचं शेंडं आपुन भाजीला खुडतो. खुडला की त्यो चौअंगानं फुटतो. न्हाई खुडला तर एकटाच वर जातो. मला वाटतंय, ह्ये बी फुटल."

कुणाला खरं वाटलं नाही. पण दहा-बारा दिवसांत त्या नऊ रोपांच्या प्रत्येक पेरापासून कोंब निघाले. एकाचे तीन, एकाचे पाच. मेंढरांनी सोडलेली तीन रोपं एकेक काठीसारखी सरळ गेली आणि खाल्लेली नऊ झुडपं झाली. वच्छलाबाईंनी तुरीच्या वाळक्या काठ्या, तुऱ्हाट्या, आणल्या, मामांनी जुन्या सुतळीनं एकेक फांदी त्यांना बांधली. देठांना बारीक काटे येतात. ते बोटांत भरायचे आणि चांदबी घरी सुईनं काढत बसायच्या. एकदा ढगाळ हवेत माव्याची कीड पडली तेव्हा मामांनी दोन दिवस निंबोळीचं पाणी फवारलं. उन्हं तापायला लागली तशी दुपारची सावली व्हावी म्हणून गुमटीच्या पत्र्याला गोणपाट टांगलं.

मार्चच्या सुरुवातीला फुलं आली. कमरेएवढे तुरे, आणि बुडापासून शेंड्यापर्यंत चहूबाजूंनी हिरव्या वाट्या लगडलेल्या, पातळ, जाळीदार शिरांच्या, ऊन पाठीमागून आलं की आरपार दिसणाऱ्या. भोवती सगळं त्या महिन्यात पिवळं पडलेलं असतं. ऊस तुटलेला, बांध वाळलेले. त्यात ती दहा फुटांची हिरवी भिंत लांबूनच डोळ्यांत भरायची.

आणि लोक गाडीवरून उतरायला लागले. पहिल्यांदा एक ट्रॉलीवाला उतरला. मामांच्या आईबहिणीचा उद्धार करणाऱ्यांत त्याचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. ट्रॅक्टर बंद करून आला आणि हे काय लावलंय म्हणून विचारू लागला. मग एक दूधवाला. मग कंपनीच्या बसमधले बिहारी कामगार, ते फोटो काढून गावाकडं पाठवू लागले. हिरवं ते पान आणि फूल कुठं, हा प्रश्न प्रत्येकाचाच. मामा एक तुरा वाकवून दाखवायचे. वाटीच्या आत, तळाशी, तांदळाएवढं पांढरं फूल असतं. "बाहेरून दिसती ती नुसती वाटी. फूल आत हाय. थांबून बघितल्याबिगर दिसत न्हाई," ते सांगायचे. आयर्लंड हे नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. वच्छलाबाईंना ते हरभऱ्याच्या घाट्यांसारखं दिसायचं, माझ्या वर्गातली पोरं घंटा म्हणायची. शेवटी 'सुभानमामाच्या घंटा' हेच नाव पडलं. डेमूचे एक ड्रायव्हर तर फाटकाजवळ आले की खिडकीतून हात बाहेर काढून वाफ्याकडं बोट दाखवायचे आणि मामा झेंडीचा हात तसाच ठेवून दुसऱ्या हातानं सलाम करायचे.

फाटक पूर्वीइतकाच वेळ बंद असायचं. पण त्या वीस मिनिटांत आता बोलणं व्हायचं. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या मुलीचं जमलं, उसाला तोड मिळाली की नाही. मामा आधी नुसतं ऐकायचे, मग सांगायला लागले. मे महिन्यात रूळ तापला की बुटाचा तळ कसा चिकटतो, धुक्यात गाडीची चाहूल पायाला आधी कशी लागते, एकदा रुळाशेजारी रानमांजराची पिलं कशी सापडली. मी शाळेला निघायच्या वेळेच्या दहा मिनिटं आधी निघू लागले, म्हणजे फाटक उघडं असलं तरी थांबता यावं.

वाळल्यावर त्या वाट्या कागदासारख्या पांढरट झाल्या आणि प्रत्येकीत तीन-चार तिकोनी बिया निघाल्या. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्येच पेरणी झाली, गुमटीच्या दोन्ही बाजूंना. त्या वर्षी चांदबी स्वतः दौंडहून येऊन शेंडे खुडून गेल्या, मेंढरांची वाट न बघता.

पण तोवर रुळांखालून रस्ता काढायचं काम सुरू झालं होतं. तसं ते आमच्याच भल्याचं होतं. वस्तीवरची बाळंतीण फाटकात अडकली तर काय होतं हे आम्ही पाहिलेलं होतं. बोगदा पुरा झाला आणि मे महिन्यात फाटक कायमचं बंद होणार अशी नोटीस गुमटीवर चिकटली. मामांची बदली दौंडच्या ऑफिसात, हत्यारांच्या भांडारात. मला वाटलं होतं ते खचतील. ते एवढंच म्हणाले की बरं झालं, आता वस्तीवरची माणसं वेळेवर दवाखान्यात पोचतील.

शेवटच्या दिवशी सकाळपासून लोक येत राहिले. कुणी बोलावलं नव्हतं. दूधवाल्यांनी लस्सी आणली, ट्रॉलीवाल्यानं रसाची किटली आणली. वच्छलाबाईंनी आपल्याच मेंढरांच्या लोकरीची, सणगरांकडून विणून घेतलेली काळी घोंगडी मामांच्या खांद्यावर टाकली. चांदबी आणि आसमीन आल्या होत्या. दोघींनी घरी बसून बियांच्या साठ पुड्या बांधल्या होत्या. मामा एकेकाला पुडी देत होते आणि प्रत्येकाला त्याच तीन गोष्टी बजावत होते: फ्रिजमधी ठेवा, गाडू नका, उपटू नका. दुपारच्या डेमूला त्यांनी शेवटची झेंडी दाखवली. त्या ड्रायव्हरांनी भोंगा जरा लांबवला. त्या गाडीसाठी खाली आलेले दांडे परत वर गेलेच नाहीत, आणि आम्ही सगळे पहिल्यांदाच बोगद्यातून घरी गेलो.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मामांचा मला फोन आला, आज बियांची डबी फ्रिजमध्ये ठेवा म्हणून. मला आठवणही नव्हती. पंधरा दिवसांनी सुट्टी टाकून ते शाळेत आले. मुलांना घेऊन त्यांनी भिंतीकडेची जागा खणली, बी टाकलं, प्रत्येकाला तळहातानं दाबायला लावलं. पोरांनी पाण्याच्या पाळ्या वाटून घेतल्या. एकदा अंकिता आजारी असताना आपली पाळी चुकेल म्हणून रडत होती, तर वच्छलाबाई तिच्या जागी पाणी घालायला आल्या.

रोपं जोमानं वाढली. जानेवारीत तुरे धरू लागले तेव्हा आमचे मुख्याध्यापक सतीश सर म्हणाले, सव्वीस जानेवारीला पाहुणे म्हणून या वेळी सुभानमामांनाच बोलवू. गावच्या पुढाऱ्यांपैकी कुणाला वाईट वाटेल का, अशी मला धास्ती होती. कुणालाच वाटलं नाही.

मामा आले ते इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, चांदबींना घेऊन. पुढच्या खुर्चीवर बसवलं तर त्यांना बसवेना. सारखे उठून उभे राहायचे. झेंडावंदन झालं, मुलांची कवायत झाली, आणि सरांनी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते माइकपासून लांबच उभे राहिले.

"मला भाषाण येत न्हाई," ते म्हणाले. "माझा पाय गेला तवा मला वाटलं, आता आपलं काम सरलं. फाटकावर बसलो तर लोकं थांबायची आन् मला शिव्या द्यायची. मी म्हणायचो, खरंय त्यांचं. मग ह्या मॅडम थांबल्या. फाटक उघडं असताना थांबल्या. वच्छलाबाईंनी खत दिलं. माझ्या मालकिणीनं डबी सांभाळली. ज्येनं त्येनं थोडं थोडं दिलं, आन् मी परत मानसांत आलो. तुमचं लई उपकार हायेत. एवढंच."

ते खाली बसले. टाळ्या वाजल्या. मला नीट वाजवता आल्या नाहीत, कारण त्या माणसाला मी काय बोलले होते हे मला, वच्छलाबाईंना आणि त्यांना आठवत होतं, आणि उपकार मानायचे ते मी, असं मला वाटत होतं. कार्यक्रम संपल्यावर पोरांना जिलबी वाटताना मी ते त्यांना सांगायला गेले. त्यांनी मला मध्येच थांबवलं आणि वाफ्याच्या कडेचे दोन तुरे वाऱ्यानं कलले आहेत, सुतळी आहे का, असं विचारलं. सुतळी आणून दिली. अधू पाय बाजूला पसरून ते खाली बसले आणि पोरांना वेढा कसा घालायचा, गाठ कशी सैल ठेवायची, म्हणजे देठ कापला जात नाही, ते दाखवत राहिले. जिलबीची प्लेट तशीच माझ्या हातात राहिली.

आता त्यांची निवृत्ती जवळ आली आहे. कॉलनीतलं घर सोडावं लागेल, म्हणून चांदबींच्या भावाशेजारी भांडगावला त्यांनी छोटी जागा बघितली आहे. परवा रविवारी सकाळी त्यांचा फोन आला होता. घर कसं बांधायचं त्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. तिथली माती काळी आहे, पाणी धरून ठेवते, घंटांची मुळं कुजतील, तेव्हा दोन ट्रॉल्या मुरूम मिसळावा लागेल, वाफा पूर्वेला घ्यावा की दक्षिणेला, दक्षिणेला घेतला तर दुपारचं ऊन कसं अडवायचं, भावाची शेळी मोकळी असते तिचं काय करायचं. अर्धा तास बोलत होते. मधूनच मागून चांदबींचा आवाज यायचा, मॅडमना कामं असतील, ठेवा आता. मी म्हटलं, राहू द्या, मला काही घाई नाही.